डावा हात बाहेर, उजवा हात आत

सोमवार, ३ ऑगस्ट

बायकोने तिच्या ऑफिसात उरलेली एक डायरी आणून माझ्या पुढ्यात टाकली. म्हणाली, "रोज जेवताना मला जे ऐकवतोस ते यात लिहीत जा. मला सुखाने दोन घास खाऊ दे." तर हे सगळं तिच्या जेवणासाठी चाललंय.

मी कॉलेजच्या फुटबॉल संघाचा सहायक प्रशिक्षक. नऊ वर्षं सहायक, हे दहावं. मुलं मला छोटे सर म्हणतात आणि मुख्य प्रशिक्षकांना मोठे सर. मोठे सर एकसष्टचे, मी अडतीसचा, उंचीने मी त्यांच्याहून वीतभर जास्त, तरी छोटा मीच. सहायकाला काम काय असतं, असं सासऱ्यांनी एकदा विचारलं होतं. म्हटलं, चेंडूत हवा भरायची, कोणाचा घोटा सुजलाय ते बघायचं आणि सामन्यात सरांच्या डाव्या हाताला बसायचं. सासरे "बरं" म्हणाले आणि पेपर वाचायला लागले.

यंदा मला मुख्य प्रशिक्षक व्हायचंय. इथे सर आहेत तोवर ते शक्य नाही, आणि सर काही हलत नाहीत. पण पुलापलीकडच्या कॉलेजात जागा निघाली आहे. अर्जाला एक फॉर्म जोडायचा असतो. तो सध्याच्या मुख्य प्रशिक्षकाने स्वतः भरून सही करून द्यायचा. दोन पानी, मुंगीएवढी अक्षरं. आज तो सरांना दिला. त्यांनी हातात धरला, उलटा केला, सुलटा केला आणि "ठेव टेबलावर, बघतो" म्हणाले. नऊ वर्षांचा माणूस सोडून जायचं म्हणतोय, निदान "का रे?" एवढं तरी विचारायचं.

मुदत १५ सप्टेंबरपर्यंत.

शनिवार, ८ ऑगस्ट

मोसमातला पहिला सामना. दोन-शून्य जिंकलो.

आमची एक पद्धत आहे, ती लिहून ठेवतो, कारण बायकोला नऊ वर्षांत समजावता आली नाही. शेजारच्या बाकावर दुसऱ्या संघाची माणसं कान टवकारून बसलेली असतात. म्हणून खेळाडू बदलायचा असला की सर तोंडाने काही बोलत नाहीत. डाव्या हाताने दाखवायचा तो बाहेर येणारा, उजव्या हाताने दाखवायचा तो आत जाणारा. बोटांनी नंबर. पाचाच्या वरचा असेल तर पंजा मिटून पुन्हा उघडायचा. सोळा नंबर म्हणजे तीन पंजे आणि एक बोट, तेवढ्यात समोरचे गोलही करतील. मी ते बघून बदलीची चिठ्ठी लिहितो आणि टेबलावरच्या पंचांना नेऊन देतो. चिठ्ठी गेली की गेली. बाहेर आलेला त्या सामन्यात परत आत जाऊ शकत नाही.

आज साठाव्या मिनिटाला सरांनी डाव्या हाताने सात दाखवला. लंगडत होता तो नऊ नंबरवाला. दोघंही बुटके, दोघंही पोक काढून पळतात. मी चिठ्ठीवर नऊ लिहिलं. सरांना काय म्हणायचंय ते मला कळतं, बोटं चुकतात माणसाची. गेल्या मोसमातही असं झालं होतं. सांगायचं काय त्यात? बाहेर येणारा मुलगा पलीकडच्या टोकाला जाऊन पाणी पीत बसतो, सरांची नजर मैदानात असते, आणि काम झालेलं असतं.

"हं, आता ठीक," सर म्हणाले. याला म्हणतात सहायक, असं मला वाटलं. मला कोणी म्हणालं नाही, म्हणून मीच म्हणून घेतलं.

बुधवार, १२ ऑगस्ट

आज मोठ्या सरांनी मामांना सगळ्या मुलांसमोर झापलं. मामा म्हणजे आमचं मैदान राखणारे. वीस वर्षं मैदानावर फक्की तेच मारतात, आणि त्यांच्या पांढऱ्या रेघा बघायला बाहेरचे लोक येतात, असं ते स्वतःच सांगतात.

सर कडेच्या रेघेजवळ उभे राहिले आणि म्हणाले, "ही रेघ मारलीय की साप सोडलाय?"

मामांनी दोन खुंट्या आणल्या, ठोकल्या, दोरी ताणली. रेघ दोरीखाली सरळ. केसाइतकीही इकडे-तिकडे नाही. सर दोरीकडे बराच वेळ बघत राहिले. मान तिरकी केली, परत सरळ केली. मग म्हणाले, "दोरी सैल आहे तुझी," आणि निघून गेले.

मामांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला म्हणाले, "छोटे सर, माझं काय चुकलं ते तरी सांगा." मला काय माहीत? दोरी वीणेच्या तारेसारखी ताणलेली होती, मी बोटाने वाजवून बघितली. सरांचं वय झालंय, की त्यांना कोणी काही बोललंय, काही कळत नाही. मामांना चहा पाजला. त्यांनी अर्धाच प्यायला.

सोमवार, १७ ऑगस्ट

एक गोष्ट बरेच दिवस लक्षात येतेय. सर माझ्याशी बोलताना माझ्याकडे बघत नाहीत. माझ्या कानाकडे बघतात. आज मुद्दाम मी थोडा सरकलो, तर नजरही सरकली, पुन्हा कानावरच. माणूस नजर कधी चुकवतो? मनात काही असलं की. फॉर्मबद्दल काहीतरी आहे.

हे जेवताना बोललो (डायरी असूनही). बायको म्हणाली, "डोळे तपासून घ्यायला सांग त्यांना."

बायको ती बायको. मी माणसाच्या मनाबद्दल बोलतोय आणि ही चष्म्याच्या दुकानात पोचली. तिला म्हटलं, हा माणूस मैदानाच्या या टोकाहून त्या टोकाचा मुलगा नुसत्या चालीवरून ओळखतो. ती म्हणाली, "मी चालीबद्दल बोललेच नाही."

शुक्रवार, २१ ऑगस्ट

फॉर्मचं विचारायला सरांच्या घरी गेलो. काकूंनी दार उघडलं, "अरे, ये ये" म्हणाल्या, पण हसल्या नाहीत. सर आतून म्हणाले, "छोट्या आला का?" मी अजून तोंडही उघडलं नव्हतं. माझी पावलं ओळखतात म्हणे.

फॉर्म टीव्हीखाली होता, वर कपाचा गोल डाग. "करतो रे," सर म्हणाले. "घाई काय आहे? इथे काय काटे टोचतायत?" मग काकूंनी विषय बदलला.

त्यांच्या फ्रिजवर एक चौकटी-चौकटींचा कागद चिकटवलाय, बरोबर मधोमध काळा ठिपका. म्हटलं, "सर, नवीन डावपेच का?" काकूंनी सरांकडे बघितलं. सर म्हणाले, "हं. तसंच समज."

घरी येऊन तसाच कागद आखला. वीस बाय वीस चौकोन. मधला ठिपका म्हणजे मधल्या फळीचा खेळाडू असणार. त्याच्याभोवती बाकीचे दहा कसे उभे करायचे यावर दोन तास डोकं खाजवलं. सगळे त्याच्याभोवती उभे केले तर गोल कोण राखणार? काही जमेना. सर मला यातलं काही सांगत नाहीत, याचं जास्त वाईट वाटलं.

मंगळवार, १ सप्टेंबर

तीन सामने, तीन विजय. चिठ्ठ्यांवर मी चार वेळा नंबर दुरुस्त केले. सर अलीकडे फारच धांदल करतात.

सराव मात्र विचित्र चाललाय. हिरव्या बंड्या बाद. आता एका गटाला डोळे दिपतील अशा पिवळ्या बंड्या, आणि दुसऱ्या गटाला काहीच नाही. शिवाय नवा हुकूम: चेंडू मागताना प्रत्येकाने स्वतःचं नाव ओरडायचं. मुलांना याची मजा वाटते. एकाने तर दुसऱ्याचंच नाव ओरडलं. सर इतके संतापले की त्याला मैदानाला दहा फेऱ्या मारायला लावल्या. एवढ्याशा चेष्टेला!

आणि माझी परीक्षा चालूच. पाच-पाच मिनिटांनी, "तुला काय दिसलं?" आज मी म्हटलं, "आपला डावा बाजूवाला फार पुढे जातो, सर, मला वाटतं त्याला…"

"तुला काय वाटतं ते नको. काय दिसलं ते सांग. कोण कुठे उभा होता?"

मुलांसमोर. दहाव्या वर्षी. माझा चेहरा असा झाला असेल की मामांनी दुसरीकडे बघितलं. मग मी सांगितलं, कोण कुठे उभा होता, पहिलीतल्या मुलासारखं. सर डोळे मिटून ऐकत होते. माझं ऐकताना त्यांना झोप येते.

सोमवार, १४ सप्टेंबर

तळपायाची आग मस्तकात गेलीय, तरी नीट लिहायचा प्रयत्न करतो.

उद्या मुदत संपते. फॉर्म मिळाला नाही म्हणून क्रीडाप्रमुख मॅडमकडे गेलो, म्हटलं तुम्ही तरी सरांना सांगा. मॅडम खुर्चीत अवघडल्या. म्हणाल्या, "तुम्हाला माहीत नाही का? सर गेल्या महिन्यातच येऊन गेले. म्हणाले, याला कुठे जाऊ देऊ नका, याच्याशिवाय माझं अडेल."

याच्याशिवाय अडेल! ऐकायला किती गोड. म्हणजे त्यांचं अडू नये म्हणून मी जन्मभर चेंडूत हवा भरायची. तोंडावर नाही म्हणाले असते तर पाया पडून निघून गेलो असतो. महिनाभर "बघतो", "करतो", आणि पाठीमागे हे. कानाकडे का बघत होते ते आज कळलं.

बायको म्हणाली, "खरंच अडत असेल त्यांचं. का अडतं ते विचार ना."

मी विचारणार नाही. मी ठरवलंय. आजपासून ते सांगतील तेवढंच करायचं. विचारलं तर उत्तर. दाखवतील तो आकडा. माझी अक्कल मी घरी ठेवून जाणार.

शुक्रवार, १८ सप्टेंबर

उद्या उपांत्य सामना. जिंकलो तर अंतिम फेरी, कॉलेजच्या इतिहासात दुसऱ्यांदा.

मुलांनी प्रथा काढली: अख्ख्या संघाने डोकी भादरली. सगळ्यात मोठा त्याग बुचड्याने केला. तो आमचा मधल्या फळीतला, सहा नंबर, डोक्यावर केसांचा बुचडा बांधतो म्हणून ते नाव. आज तो, आणि बचावात उभा राहणारा आमचा कप्तान खांब, चार नंबर, शेजारी उभे राहिले तर भाऊ-भाऊ वाटत होते. दोघं उंच, दोघं सारखे तुळतुळीत.

सरांना कौतुक वाटेल अशी मुलांची अपेक्षा. त्यांनी एकेकाच्या डोक्यावरून हात फिरवला. "सगळ्यांनीच?" म्हणाले. "एकानेही ठेवले नाहीत?" आणि बाकावर जाऊन बसले. मुलं हिरमुसली. आता केसांचंही वाईट वाटून घेणारा माणूस, काय म्हणावं?

शनिवार, १९ सप्टेंबर

हरलो. दोन-एक.

घडलं ते जसंच्या तसं लिहितो. मी सरांच्या डाव्या हाताला न बसता बाकाच्या टोकाला बसलो. त्यांनी दोनदा "काय दिसलं?" विचारलं. मी दोनदा म्हटलं, "ठीक चाललंय."

एक-शून्यने पुढे होतो. अडुसष्टाव्या मिनिटाला बुचड्याने एकाला आडवा पाडला. पिवळं कार्ड. थकला होता तो, पाय उचलत नव्हते. आणखी एक चूक म्हणजे दुसरं पिवळं, आणि मग लाल. त्याला काढायला हवं हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. सर उठले. डावा हात वर. चार बोटं.

चार म्हणजे खांब. आमचा कप्तान, आजचा सगळ्यात चांगला खेळाडू, ज्याला कार्ड मिळालंच नव्हतं.

बोटं चुकलीत हे मला त्याच क्षणी कळलं. एरवी मी सहा लिहिलं असतं आणि विसरूनही गेलो असतो. मी चार लिहिलं. मोठ्या अक्षरात, घोटून. आणि नेऊन दिलं.

खांब बाहेर येताना माझ्याकडे बघत होता. "मी? छोटे सर, मी?" मी खांदे उडवून सरांकडे बोट दाखवलं.

शहात्तराव्या मिनिटाला बुचड्याने तेच केलं. दुसरं पिवळं, लाल, बाहेर. सरांनी मला हाक मारली. "कोणाला काढलं?"

"बुचड्याला."

"एकाच चुकीत?"

"दुसरी होती. पहिलं पिवळं अडुसष्टाव्या मिनिटाला मिळालेलं."

सर माझ्याकडे वळले. कानाकडे. मला वाटलं आता सगळ्यांसमोर शिव्या घालतील. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, मांडीवर ठेवली आणि सामना संपेपर्यंत परत घातली नाही. त्यात दोन गोल झाले. दहा जणांत, बचावाला खांब नाही, होणारच होते.

मुलं रडत होती. मला वाटलं होतं मला बरं वाटेल. पाच मिनिटं वाटलंही. हे लिहायची लाज वाटते, पण डायरीत नाही तर कुठे लिहू?

रविवार, २० सप्टेंबर

काही नाही. झोपून होतो.

बुधवार, २३ सप्टेंबर

मॅडमच्या खोलीत बैठक. मॅडम, सर, मी. खांबाच्या वडिलांनी तक्रार केलीय की छोट्या सरांनी वैरातून चिठ्ठी चुकीची लिहिली. वैर खांबाशी नव्हतं, पण बाकी त्यांचं काय खोटं होतं?

मी तोंड उघडायच्या आत सर म्हणाले, "चिठ्ठी बरोबर लिहिली याने. चार मी दाखवला. मला वाटलं कार्ड खांबाला मिळालंय. ज्या प्रशिक्षकाला कार्ड कोणाला मिळालं हे कळत नाही, त्याने बाकावर बसू नये." आणि खिशातून राजीनामा काढून टेबलावर ठेवला. सही ओळीवर नव्हती, मजकुरावरच चढली होती.

हा मला टोमणा होता का? मी सांगितलं नाही, टोकाला जाऊन बसलो, त्याचा? की खरंच कळलं नाही त्यांना? कसं कळलं नाही? अख्ख्या मैदानाने बघितलं. मॅडम म्हणाल्या, सोमवारपर्यंत विचार करा. सर म्हणाले, "झालाय करून." मॅडम माझ्याकडे बघून म्हणाल्या की तोवर संघ तुम्ही सांभाळा, पुढे नेमणूकही तुमचीच होईल.

म्हणजे मला जे हवं होतं ते मिळालं. हे वाक्य लिहून मी बराच वेळ त्याच्याकडे बघत बसलोय.

रविवार, २७ सप्टेंबर

काकूंचा फोन आला. गुरुवारी सरांना डोळ्यांच्या दवाखान्यात न्यायचंय, गाडी चालवशील का?

"डोळ्यांच्या?" मी म्हटलं.

"तुला सांगितलं नाही अजून?" काकू म्हणाल्या. "मला वाटलं राजीनामा दिला तेव्हा सांगितलं असेल. अरे, दोन वर्षं झाली. पडद्याचा आजार आहे. बघतो तिथे मधोमध धुकं दिसतं, कडेचं तेवढं दिसतं. म्हणून तर तिरकं बघतात. सरळ रेघ वाकडी दिसते. तो फ्रिजवरचा कागद त्याचाच, रोज एकेक डोळा झाकून बघायचा, रेघा किती वाकल्या ते. तुझा फॉर्म मी भरते म्हटलं, तर म्हणाले, त्याचा फॉर्म मीच भरणार. मग रोज भिंग घेऊन बसायचे. दीड पान झालं होतं."

मी फोन ठेवला. बायकोला सांगितलं. ती "मी म्हटलं होतं" असं म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं.

वीस बाय वीस चौकोनांत मी फुटबॉलचा संघ उभा करत होतो. मला माझाच इतका राग आलाय की कुठे ठेवू कळत नाही. सरांचाही येतो. मॅडमना जाऊन सांगितलं, मला का नाही सांगितलं? मी गेलो असतो का मग?

सोमवार, २८ सप्टेंबर

चिठ्ठ्यांच्या पुस्तकात प्रत्येक चिठ्ठीखाली कार्बनची नक्कल राहते. दोन मोसमांची पुस्तकं काढून बसलो. कुठे सरांनी काय दाखवलं होतं आणि मी काय लिहिलं ते आठवत गेलो. गेल्या मोसमात चार. यंदा सात. एकूण अकरा. मला वाटत होतं पाच-सहा असतील.

गुरुवार, १ ऑक्टोबर

दवाखान्यात गर्दी होती. सरांच्या डोळ्यांत थेंब घालून बाकावर बसवलं, बाहुल्या मोठ्या व्हायला अर्धा तास लागतो म्हणाले. आत डोळ्यात इंजेक्शन द्यायचं होतं. काकू औषधांच्या खिडकीपाशी रांगेत. मी सरांच्या डाव्या हाताला बसलो.

मी ठरवून गेलो होतो. आज सांगायचं, सरांनी राजीनामा मागे घ्यावा म्हणून नाही तर… तेही कारण होतंच. एकच कारण होतं असं म्हणता येणार नाही.

"सर, चिठ्ठीबद्दल बोलायचंय."

"त्यात काय बोलायचं? मी चार दाखवला, तू चार लिहिलास."

"मला माहीत होतं कार्ड बुचड्याला मिळालंय. तुम्हाला सहा म्हणायचंय हेही माहीत होतं. मी मुद्दाम चार लिहिलं. फॉर्म दिला नाहीत त्याचा राग होता."

सर समोरच्या भिंतीकडे तोंड करून बसले होते. मला वाटलं, आता थोबाडीत बसेल आणि बसली तर बरं होईल.

"मुद्दाम," ते म्हणाले.

"हो."

"पण मला सहा म्हणायचंय हे तुला कळलं कसं?"

"कळतंच नेहमी. तुम्ही चुकीचा नंबर दाखवलात की मी आपला बरोबर लिहून…"

बोलून गेलो. वाक्य अर्ध्यावर थांबवलं, पण उशीर झाला होता. सर माझ्याकडे वळले. त्या भल्या मोठ्या काळ्या बाहुल्यांनी त्यांना त्या वेळी कडेचंही फार दिसत नसणार.

"नेहमी म्हणजे किती वेळा?"

मला वेळ होता, खोटं बोलायला पुरेल इतका. दोन-तीनदा म्हटलं असतं तर ते सुखाने घरी गेले असते. कदाचित राजीनामाही मागे घेतला असता, आणि मग पुन्हा मी सात खोडून नऊ लिहीत बसलो असतो. खरं बोललं तर त्यांची जागा मला. खोट्यात त्यांचं भलं होतं की खऱ्यात, आणि मी कोणाचं भलं बघत होतो, माझं डोकं चालेना. तोंडातून निघालं ते खरं निघालं.

"अकरा."

त्यांनी मांडीवर हात ठेवले होते. दोन्ही पंजे उघडले, मिटले, मग एक बोट उघडलं. त्याच्याकडे बघत बसले.

"डॉक्टर म्हणत होते सोडा. ही म्हणत होती सोडा. मी म्हणायचो, माझी एक बदली चुकलेली दाखवा. लंगडणारा मुलगा बाहेर गेलेला असायचा ना दर वेळी. मी म्हणायचो, आहेत अजून डोळे." त्यांचा आवाज चढला. शेजारची बाई वळून बघायला लागली. "बुचड्याचा पाय महिनाभर धरत होता. मी त्याला त्या सामन्यात उतरवलं, कारण मला वाटलं मला दिसतंय. एखादं पोर कायमचं लंगडं झालं असतं तर, छोट्या?"

"मला वाटलं मी मदत करतोय."

"अकरा वेळा तू मला फसवलंस," सर म्हणाले. "एकदाच खरं कळू दिलंस, तेही रागाने."

मला रडू आलं. मी ते आवरलंही नाही. सरांना ते दिसलं नसेल, पण ऐकू गेलं असणार, कारण थोड्या वेळाने ते म्हणाले, "माझंही चुकलं. तुला डोळे म्हणून वापरला आणि सांगितलं नाही. मॅडमकडे गेलो ते तर फारच वाईट केलं." मग नाव पुकारलं आणि परिचारिकेने त्यांना आत नेलं.

बाहेर आले तेव्हा एका डोळ्यावर पट्टी होती. राजीनामा मागे घ्याल का, असं मी विचारलं. ते फक्त "नाही" म्हणाले. सोमवारपासून बाकावर मी. माझ्या डाव्या हाताला कोण, अजून ठरलेलं नाही.

दवाखान्याची इमारत नवी आहे, दारातून उतरायला पायऱ्या आहेत, कठडा नाही. ऊन कडक होतं. काकू पुढे जाऊन गाडीपाशी थांबल्या. मी सरांना हात दिला. त्यांनी तो घेतला नाही.

"किती पायऱ्या आहेत?"

"आठ."

"नक्की?"

मी वरूनच अंदाजाने सांगितलं होतं. "थांबा जरा," म्हटलं. एकेक मोजत खाली उतरलो, आणि मोजतच परत वर आलो.

"नऊ आहेत, सर."

त्यांनी मान हलवली आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला.